हाकेच्या अंतरावर : भोपाळच्या मराठी माणसांची सत्तर वर्षं



१ नोव्हेंबर हा मध्य प्रदेशाचा स्थापना दिवस. सरकारी इमारतींवर रोषणाई होते, भाषणं होतात, दुसऱ्या दिवशी आपण विसरतो. पण भोपाळमधल्या मराठी घरांनी ही तारीख जरा वेगळ्या कारणानं लक्षात ठेवायला हवी. आपल्यापैकी बहुतेकांचा इथला जन्मदाखला म्हणजे १ नोव्हेंबर १९५६ हीच तारीख. आपले वाडवडील इथे तीर्थयात्रेला आले नव्हते, व्यापाराला आले नव्हते, की लढाईलाही आले नव्हते. बदलीचा हुकूम आला म्हणून आले.

हे आत्ताच लिहायचं कारण म्हणजे आपल्या मंडळात सध्या चाललेला वाद. गणेशोत्सवाचं निवेदन, मुलांच्या स्पर्धा आणि स्मरणिका यापुढे हिंदीत करायच्या का? एक बाजू म्हणते, मराठी सोडली तर मंडळ कशाला हवं? दुसरी म्हणते, मराठीचा हट्ट धरला तर सभागृहात फक्त पांढरे केस दिसतील. दोन्हीकडची माणसं आपलीच आहेत आणि दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. म्हणून म्हटलं, आपण इथे कसे जमलो, कशानं टिकलो आणि कशानं विखुरलो, हे एकदा तारखांसकट मांडावं. वाद नंतर करूच. जन्म बँकेत गेल्यामुळे जमाखर्च पाहिल्याशिवाय मला मत देता येत नाही.

पहिली गोष्ट, या शहराची मराठ्यांशी जुनी ओळख फारशी गोड नाही. डिसेंबर १७३७मध्ये थोरल्या बाजीरावांनी निजामाला इथेच कोंडलं आणि जानेवारी १७३८मध्ये जवळच्याच दोराहा सराईला तह होऊन माळवा मराठ्यांकडे आला. पुढे १८१२–१३मध्ये नागपूरकर भोसले आणि शिंदे यांच्या फौजांनी भोपाळला कित्येक महिने वेढा घातला. वजीर मोहम्मद खान यांनी शहर लढवलं. आपल्या शाळेच्या इतिहासात हा वेढा नव्हता, पण जुन्या भोपाळच्या माणसाला तो आजोबा-पणजोबांकडून ठाऊक असायचा. त्यानंतर या संस्थानावर चार बेगमांनी राज्य केलं. १८१९ ते १९२६ यातला बहुतेक काळ इथे बाईचा हुकूम चालला. उर्दू बोलणारं, मशिदींचं, दोन तळ्यांचं हे शहर ग्वाल्हेर-इंदूरसारखं मराठी दरबाराचं कधीच नव्हतं.

मग सव्वाशे-दीडशे वर्षांनी मराठी माणसं पुन्हा आली. या वेळी तोफा नव्हत्या, फायलींचे गठ्ठे होते.

१९५६च्या राज्य पुनर्रचनेत जुन्या मध्य प्रदेशाचा हिंदी भाग म्हणजे महाकोशल, शिवाय मध्य भारत, विंध्य प्रदेश, भोपाळ राज्य आणि राजस्थानातल्या कोटा जिल्ह्याचा सिरोंज हा भाग, असं सगळं जोडून नवं राज्य केलं. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले. फाजल अली आयोगानं राजधानीसाठी जबलपूर सुचवलं होतं. ग्वाल्हेर आणि इंदूर यांचाही दावा होता. शेवटी कौल भोपाळला मिळाला, आणि बाकीच्यांची समजूत काढावी तशी कार्यालयं वाटली गेली. उच्च न्यायालय जबलपूरला, महसूल मंडळ ग्वाल्हेरला, लोकसेवा आयोग इंदूरला. गंमत म्हणजे राजधानी झालेलं भोपाळ तेव्हा स्वतः जिल्हाही नव्हतं, सिहोर जिल्ह्यात होतं. भोपाळ जिल्हा झाला १९७२ साली.

१९५१च्या जनगणनेत या शहरात जेमतेम लाखभर माणसं होती, १९६१मध्ये सव्वादोन लाखांच्या घरात गेली आणि २०११मध्ये जवळजवळ अठरा लाख. पहिल्या दहा वर्षांत शहर दुप्पट झालं, आणि त्या भरतीत आपण होतो.

पण ‘आपण’ म्हणजे कोण? इथेच आपल्या आठवणींमध्ये घोळ होतो. सगळे मराठी एका ठिकाणाहून आले नव्हते. नागपूरच्या सचिवालयातली माणसं आली, त्यात माझे वडील होते. ग्वाल्हेर-उज्जैनकडून शिंदेशाहीत पिढ्यान् पिढ्या कारकुनी केलेली घराणी आली. इंदूरहून होळकरांच्या राज्यातली, धार-देवासहून पवारांच्या राज्यातली, सागरहून गोविंदपंत बुंदेल्यांच्या काळापासून तिथे रुजलेली, बैतूल-छिंदवाडा-बऱ्हाणपूरकडची, अशी सगळी आली. त्यांची मराठी एक नव्हती. नागपूरकर ‘करून राहिला’ म्हणत, ग्वाल्हेरकरांच्या बोलण्यात दरबारी अदब आणि हिंदीचा बाज असे, इंदूरकरांच्या जेवणात शेव नसली तर पान वाढलंच नाही असं समजत. एकमेकांच्या मराठीला हसण्यातच पहिली दोन वर्षं गेली असतील. खरं तर ही माणसं मराठी म्हणून ‘एक’ झाली ती भोपाळला आल्यावर. नागपुरात कुणी स्वतःला ‘मराठी समाज’ म्हणवत नाही, तिथे त्याची गरज नसते.

आणखी एक गोष्ट आपल्या स्मरणिकांमध्ये राहून जाते. १४ ऑक्टोबर १९५६ला नागपुरात बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा घेतली आणि लाखो लोकांना दिली. नवं राज्य झालं त्यानंतर अवघ्या अठरा दिवसांनी. त्याच काळात विदर्भातून इथे आलेल्यांमध्ये नवबौद्ध कुटुंबंही होती. तेही मराठीच बोलत, त्यांच्याही घरी पिठलं-भाकरी होती. पण आपल्या जुन्या सभासद-याद्या काढून आडनावं वाचा. ‘मराठी समाज’ म्हणताना कुणाला धरलं होतं आणि कुणाला नाही, ते लगेच दिसेल. १४ एप्रिलची मिरवणूक त्यांची आणि गणपती आपला, अशी वाटणी कुठल्याही ठरावाशिवाय होऊन गेली. भाषा एक असून समाज एक होतोच असं नाही, हा त्यातला धडा.

मग कशानं एक झालो? माझं उत्तर आहे : क्वार्टरनं.

मोठ्या तळ्याच्या दक्षिणेला टेकड्या-टेकाडांवर सरकारनं नोकरांसाठी नवं शहर बसवायला घेतलं. त्याचं नाव तात्या टोपे नगर. आज सगळे टी. टी. नगर म्हणतात. ते येवल्याच्या रामचंद्र पांडुरंग टोप्यांचं नाव आहे, १८५९ साली इथूनच उत्तरेला शिवपुरीत ज्यांना फाशी दिलं त्यांचं, हे आजच्या मुलांना सांगावं लागतं. मग शिवाजीनगर, तुलसीनगर झालं. घरं इतक्या घाईनं आणि इतकी एकसारखी बांधली, की वस्त्यांना नावांऐवजी आकडेच चिकटले. बारा सौ पचास, ग्यारह सौ क्वार्टर, पैंतालीस बंगले, चौहत्तर बंगले. बसचे थांबेसुद्धा आकड्यांचे. पाच नंबर, छे नंबर, दस नंबर. जयप्रकाश जिल्हा रुग्णालयाला आजही रिक्षावाला ‘बारा सौ पचास’च म्हणतो. बाहेरच्या माणसाला वाटावं, हे शहर आहे की खातेवही!

घर मिळे पगाराच्या श्रेणीप्रमाणे. एफ टाइप, जी टाइप, एच टाइप. त्यामुळे जात, प्रांत, धर्म काही असो, एका रांगेत एकाच पगाराची माणसं. डावीकडे सागरचे तिवारी, उजवीकडे रीव्याचे सिंह, समोर जुन्या भोपाळचे खानसाहेब आणि मागच्या रांगेत ग्वाल्हेरचे मराठे. चार राज्यांतून आलेल्या या नोकरांचे सेवानियम वेगळे, ज्येष्ठतेच्या याद्यांवरून दफ्तरात वर्षानुवर्षं भांडणं. पण संध्याकाळी त्याच माणसांच्या बायका एकमेकींकडून विरजण नेत. मराठी घरं एकमेकांपासून फार तर दोन रांगा दूर. कुणाकडे मूल आजारी पडलं, नागपूरहून तार आली, की नुसती हाक पुरे. हळदीकुंकवाला आमंत्रणपत्रिका लागत नव्हती, पोरं दारोदार धावत जाऊन सांगून येत. मंडळाची पहिली वर्गणीही अशीच, चालत जाऊन, घराघरांतून गोळा झाली.

अंगण होतं, हे विसरू नका. लहान क्वार्टरलाही पुढे-मागे थोडी जमीन असे. आपल्या आयांनी तिथे आळूचं पान, कढीपत्ता, पारिजातक लावला. कुणी आंबा लावला, कुणी जांभूळ. सरकारनं रस्त्याकडेला झाडं लावली होतीच. पंचवीस वर्षांत त्या बोडक्या टेकड्यांवर सावली धरली. नागपूरच्या उन्हातून आलेल्यांना भोपाळच्या रात्रीच्या थंड झुळकेचं आधीच फार अप्रूप, माळव्याच्या रात्रीचं कौतुक तर जुनंच आहे. उन्हाळ्यात अंगणात खाटा टाकून झोपायचं आणि दोन घरांपलीकडचा रेडिओ ऐकत पडायचं. जुन्या शहरात लोक रात्री दुकानापुढच्या पटियांवर बसून गप्पा छाटत, नव्या शहरात आमच्या खाटा हेच आमचे पटिये.

तिकडे पूर्वेला आणखी एक भोपाळ उभं राहत होतं. ऑगस्ट १९५६मध्ये हेवी इलेक्ट्रिकल्सची स्थापना झाली, इंग्लंडच्या कंपनीच्या मदतीनं कारखाना आला आणि पंडित नेहरूंनी नोव्हेंबर १९६०मध्ये तो देशाला अर्पण केला. पिपलानी, बरखेडा, गोविंदपुरा इथे मल्याळी, बंगाली, तमीळ, पंजाबी, मराठी असे सगळे आले. कुणी अय्यप्पाचं मंदिर बांधलं, कुणी दुर्गापूजा सुरू केली, आपल्या लोकांनी गणपती बसवला. भेलचा गणपती आणि टी. टी. नगरचा गणपती यांच्यात नाटकावरून चुरस असायची. भेलवाल्यांकडे मंच चांगला, आमच्याकडे पाठांतर चांगलं.

भाषेचं काय होत होतं? ती बदलत होती, आणि मला त्यात सगळंच वाईट दिसत नाही. मुलं हिंदी माध्यमात गेली. घरात ‘मला मदत कर’ऐवजी ‘माझी मदत कर’ आलं. पण हिंदीशी आपलं नातं नुसतं घेण्याचं नव्हतं. गजानन माधव मुक्तिबोध हे हिंदीतले केवढे मोठे कवी! श्योपूरला जन्मलेले, घरी मराठी बोलणारे. त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीतले मान्यवर कवी. एकाच आईची दोन मुलं, दोन भाषांत थोर झाली. मुक्तिबोधांचं शेवटचं आजारपण काही काळ इथल्याच हमीदिया रुग्णालयात गेलं, मग त्यांना दिल्लीला हलवलं आणि सप्टेंबर १९६४मध्ये तिथे ते गेले. दुसरं उदाहरण विष्णू श्रीधर वाकणकरांचं. १९५७मध्ये भीमबेटकाची चित्रं त्यांनी जगापुढे आणली, म्हणजे आपले वडील इथे संसार थाटत होते त्याच सुमारास. भोपाळहून इटारसीकडे जाताना गाडीतून ते डोंगर आपण सगळ्यांनीच पाहिले होते, पण उतरून चढून गेले ते वाकणकर. २००३मध्ये ती जागा जागतिक वारसा झाली. अशा माणसांना ‘मराठी’ म्हणायचं की ‘मध्य प्रदेशी’, हा प्रश्न त्यांना स्वतःला कधी पडला असेल असं वाटत नाही.

आणि मग ती रात्र. २ आणि ३ डिसेंबर १९८४च्या मधली.

युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट हवेत गेला. वारा जुन्या शहराकडे होता. जयप्रकाश नगर, काझी कँप, चोला, रेल्वे स्टेशन. सरकारी हिशेबानं तात्काळ मृत्यू आधी २,२५९ आणि पुढे ३,७८७ धरले गेले, लोकांचा हिशेब कितीतरी मोठा आहे. २००६मध्ये राज्य सरकारनं न्यायालयात दिलेला बाधितांचा आकडा ५ लाख ५८ हजारांच्या वर होता. स्टेशनवर गुलाम दस्तगीर यांनी जिवावर उदार होऊन गाडी वेळेआधी सोडली आणि शेकडो माणसं वाचवली. त्यांच्यासारखी रेल्वेची, पोस्टाची माणसं जुन्या शहरात राहत, त्यात काही मराठी घरंही होती. नवं शहर तळ्याच्या अलीकडे, उंचावर. तिथे त्या मानानं झळ कमी लागली. एका शहराचे दोन भाग किती वेगळे आहेत, हे त्या रात्री वाऱ्यानं दाखवलं. घर कुणाला कुठे मिळालं यावर कोण जगेल ते ठरलं, आणि गरिबाला घर मिळतं ते कारखान्याच्या भिंतीलगत.

१६ डिसेंबरला कारखान्यात उरलेला वायू संपवायचं ठरलं तेव्हा अर्धं शहर पळालं. आपली मराठी कुटुंबंही मिळेल त्या गाडीनं नागपूर, इंदूर, ग्वाल्हेर गाठायला निघाली. संकटात माणूस कुठे धावतो, त्यावरून त्याचं घर कळतं म्हणतात. त्या हिशेबानं अठ्ठावीस वर्षांनंतरही आपलं घर दुसरीकडेच होतं. जुन्या भोपाळच्या माणसाला धावायला दुसरं गाव नव्हतं. पण दोन-तीन आठवड्यांत आपले लोक परत आले, आणि परत आलेला माणूस आधीच्यासारखा नोकरीपुरता पाहुणा राहिला नाही. नव्या शहरातल्या बायकांनी त्या हिवाळ्यात पोळ्या लाटून, जुने कपडे गोळा करून जुन्या शहरात पाठवले. कित्येकींनी काझी कँप हे नावच त्याआधी ऐकलं नव्हतं.

१९९०मध्ये बाधित वॉर्डांतल्या माणसांना महिना २०० रुपयांची अंतरिम मदत सुरू झाली. बँकेच्या काउंटरवर तेव्हा जे पाहिलं, ते सांगायलाच हवं. खातं उघडायला आलेल्या किती तरी बायका पहिल्यांदाच बँकेची पायरी चढत होत्या. अंगठ्याचा ठसा, बुरख्यातला चेहरा फोटोसाठी क्षणभर उघडा, हातात खोकल्याच्या औषधाची बाटली. रांगेत उभं राहताना दम लागे म्हणून त्या जमिनीवर बसत. आमच्यातले काही मराठी कर्मचारी त्या काळात उर्दू सही वाचायला शिकले. इतिहासाच्या पुस्तकात १९८९ची ४७ कोटी डॉलरची तडजोड असते. आम्ही ती दोनशे-दोनशे रुपयांत वाटली जाताना पाहिली.

आता तळ्याकडे येतो, कारण आपल्या गणपतीचा आणि तळ्याचा संबंध आहे. अकराव्या शतकात राजा भोजानं बांधलेलं मोठं तळं या शहराला पाणी पाजतं. १९६०च्या दशकात भदभद्याला दारं बसवून त्याची पातळी वाढवली. लोकसंख्या वाढली, मग कोलार धरणाचं पाणी आलं, पुढे नर्मदेचंही. तळ्यात सांडपाणी गेलं, आणि विसर्जनाच्या मूर्तीही. आधी आपल्या चार-दोन मंडळांच्या शाडूच्या मूर्ती होत्या. नंतर चौकाचौकात प्लास्टरचे, रासायनिक रंगांचे प्रचंड गणपती आले. १९९५पासून जपानच्या कर्जातून भोज पाणथळ प्रकल्प चालला, त्यात विसर्जनासाठी प्रेमपुऱ्याला वेगळा घाट झाला, आणि २००२मध्ये दोन्ही तळ्यांना रामसर यादीत स्थान मिळालं. सप्टेंबर २०१९मध्ये खटलापुरा घाटावर मोठी मूर्ती विसर्जित करताना नावा उलटून ११ तरुण बुडाले. त्यांत बहुतेक विशीच्या आतबाहेरची मुलं.

हे सगळं लिहिताना एक गोष्ट ध्यानात आली. गणेशोत्सव या शहरात रुजला, वाढला, शेवटी सगळ्या शहराचा झाला. आज हिंदी भाषक घरांतही गणपतीची मराठी आरती तोंडपाठ असते, अर्थ कळो न कळो. आपला सण जिंकला आणि आपली भाषा मागे पडली, असं एकाच वेळी घडलं. तेव्हा ‘सण टिकला की समाज टिकला’ हा हिशेब बरोबर नाही.

समाज विखुरला तो कुठल्याही एका संकटानं नव्हे. क्वार्टर सरकारचं होतं, निवृत्तीनंतर ते सोडावं लागे. सत्तर-ऐंशीच्या दशकात ज्यांनी सोसायटीत प्लॉट घेतले ते अरेरा कॉलनीत गेले, पुढच्या काळात गृहकर्जं सोपी झाली तेव्हा कोलार रोड, होशंगाबाद रोड, अयोध्या बायपास. कर्जाचे कागद मीही पुष्कळ तपासले. घराची किंमत, उत्पन्न, हप्ता, सगळं पाहिलं जाई. शेजारी कोण आहे, हा रकाना त्या अर्जात नव्हता. २ रांगांचं अंतर १५ किलोमीटरचं झालं. मग १ नोव्हेंबर २०००ला छत्तीसगड वेगळं झालं आणि रायपूर-बिलासपूरकडच्या नातेवाइकांवर पुन्हा तीच पाळी आली, कुठल्या राज्याची नोकरी घ्यायची. मुलं शिकून पुण्याला, बंगळूरला, पार परदेशी गेली. पुण्यात त्यांना ‘एमपीवाले’ म्हणतात, इथे आपल्याला ‘महाराष्ट्रीयन’. दोन्हीकडे पाहुणे!

आणि आता ती क्वार्टरंही चालली. २०१६मध्ये स्मार्ट सिटीसाठी आधी शिवाजीनगर-तुलसीनगरची जागा ठरली होती. नागरिकांनी झाडांसाठी आवाज उठवल्यावर प्रकल्प टी. टी. नगरला हलवला. म्हणजे शिवाजीनगर वाचलं आणि तात्या टोप्यांचं नगर पाडलं गेलं. आमची रांग तिथेच होती. जून २०२४मध्ये मंत्री-आमदारांच्या नव्या घरांसाठी पुन्हा शिवाजीनगर-तुलसीनगरचा प्रस्ताव आला. सुमारे २९ हजार झाडं जातील असं वर्तमानपत्रांत आलं. बायका-मुलं रस्त्यावर आली, झाडांना मिठ्या मारून उभी राहिली, आणि सरकारनं प्रस्ताव मागे घेतला. त्या गर्दीत सगळ्या भाषांची माणसं होती. मला तो भोपाळच्या सत्तर वर्षांतला फार मोठा दिवस वाटतो. १९५६ला हुकमानं आणून बसवलेली माणसं, ६८ वर्षांनी ‘ही जागा आमची आहे’ असं सरकारला सांगत होती.

जगात इतरत्र काय झालं तेही पाहा. तंजावरला व्यंकोजीराजांबरोबर गेलेले मराठी लोक साडेतीनशे वर्षांनंतरही घरात तमीळमिश्रित मराठी बोलतात, राज्य गेलं, घरातली बोली राहिली. मॉरिशसला कोकणातून मजूर म्हणून गेलेल्यांची रोजची भाषा क्रिओल झाली, पण गणेश चतुर्थीची तिथे देशभर सुट्टी असते, तिथे सण राहिला. इस्रायलला गेलेल्या बेने इस्रायलींचा धर्मच वेगळा, तरी त्यांनी ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक चालवलं. प्रत्येक ठिकाणी वेगळी वस्तू टिकली. पण तिन्हीकडे एक गोष्ट सारखी आहे. माणसं सुरुवातीच्या दोन-तीन पिढ्या एकमेकांच्या जवळ राहिली. जवळ राहिली म्हणून काहीतरी टिकलं.

तेव्हा माझा जमाखर्च असा. खर्चाच्या बाजूला क्वार्टर, अंगण, रोजची मराठी, आणि शहराबाहेर गेलेली मुलं. जमेच्या बाजूला या शहराचं पाणी, त्याची झाडं, जुन्या भोपाळशी त्या डिसेंबरनंतर जडलेलं नातं, आणि आपल्या घरी आलेल्या सुना-जावई. कुणी सिंधी, कुणी मल्याळी, कुणी बुंदेलखंडी. पुरणपोळी त्या आपल्यापेक्षा निगुतीनं करतात. त्यांना मंडळात ‘पाहुणे सभासद’ म्हणून कोपऱ्यात बसवणं मला पटत नाही. पूर्ण सभासद करा. १४ एप्रिलची मिरवणूक ज्यांची, त्यांनाही करा. तेही १९५६चेच.

निवेदन हिंदीत करायला माझी हरकत नाही. पण मंचावर सादर होणारं मराठी असू द्या, आणि स्मरणिकेचा अर्धा भाग मराठीत ठेवा, सोप्या मराठीत, ‘माझी मदत कर’वाल्या मराठीत. ती आपली आहे. पुण्याला ती चुकीची वाटली तर वाटू दे.

मात्र यापेक्षा निकडीचा प्रश्न वेगळा आहे. कोलार रोडच्या चौथ्या मजल्यावर, भेलजवळच्या सोसायट्यांत, आपले किती तरी सत्तरी-ऐंशीचे लोक एकेकटे किंवा दोघं-दोघं राहतात. त्यांची हाक ऐकायला दोन रांगांवर कुणी नाही. मंडळानं भाषेवर ठराव करण्याआधी एक यादी करावी. कोण कुठल्या भागात आहे, कुणाजवळ दुसरं कोण आहे. पाच-पाच घरांचे गट करा, आठवड्यातून एकदा एकमेकांकडे जा, निदान फोन करा. त्या पाचात तिवारी असतील, खानसाहेब असतील, तर उत्तमच. क्वार्टरच्या रांगेत ते होतेच.

आणि दुसरी यादी जुनी. आपापलं क्वार्टर कुठलं, कुठल्या टाइपचं, शेजारी कोण, अंगणात कुठलं झाड, एवढं चार ओळींत लिहून पाठवा. बारा सौ पचासवाल्यांनी आधी लिहावं, त्यांची झाडं अजून उभी आहेत. टी. टी. नगरचं आम्ही आठवून लिहू.